घाटाले देवाजीभाऊचं नाव नको

बसा. बसा सगळे. मागच्या लोकाईले ऐकू येऊन राहिलं ना? थांबा, माइक जवळ घेतो.

सुमनवहिनी, अध्यक्षसाहेब, मंडळाच्या बायामाणसांनो, प्लांटमधले जुने सोबती, हुडकोतले आणि नेहरू नगरातले शेजारी, आणि कुम्हारीच्या पलीकडून दोन बस बदलून आलेल्या फूलबाई.

फूलबाई, तुमी मागं चपलांजवळ कावून बसल्या? आघू आवव, दीदी. पुढं या. वहिनीजवळची खुर्ची रिकामी आहे. कोणीतरी त्याईले वाट द्या. त्या येऊन बसल्याशिवाय मी सुरू नाई करणार.

हं. बसल्या. बरं.

सकाळपासून माझा घसा बसला आहे. रडून बसला असता तर समजलं असतं. रागानं बसला. बोलता येईल का नाई, मले माहीत नाही. मंडळाचा सचिव म्हणून मी या सभागृहात कितीतरी शोकसभांत बोललो. वाक्यं ठरलेली असतात. मनमिळाऊ स्वभाव. सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे. काल तसंच एक पान लिहून काढलं होतं. खिशात आहे. ते खिशातच राहू द्या. आज मी घरी बोलतो तसंच बोलतो. मराठी थोडी वाकडी-तिकडी होईल, चालवून घ्या.

देवाजी कापगते. सगळे त्याईले देवाजीभाऊ म्हणत. साकोलीकडचे. घरी धानाची शेती, वाटणीले चार भाऊ, म्हणून इकडं पोलादाच्या प्लांटमध्ये आले आणि कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर, लागले. ज्यांनी तिथं काम केलं त्याईले सांगायची गरज नाई. बाकीच्याईले सांगतो. भट्टीचं दार उघडलं का समोरून जो जाळ येते, त्याच्यापुढं माणूस उभा राहते आणि म्हणते, ठीक आहे, रोजचंच आहे. वहिनी नेहमी म्हणत, ह्यांच्या भुवया रिटायर झाल्यावर उगवल्या. गंमत नव्हती. खरंच तसं होतं.

मी टाइम ऑफिसमध्ये बाबू. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीले भिंत. मग हुडकोत घरं घेतली, तीपण लागून. माझ्यापेक्षा ते सात वर्षांनी मोठे. मले 'तू' म्हणत, मी 'भाऊ' म्हणे. त्यांच्या घरी भाजी काय झाली हे मले वासानंच कळे.

रिटायर झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, रोज चालत जा. भाऊ म्हणे, "कॉलनीत गोल-गोल फिरायले मी काय घाण्याचा बैल आहे?" आणि त्यांनी गळ आणला. स्कूटर काढली आणि कुम्हारीच्या पुढं खारून नदीवर जाऊन बसले.

रायपूरले जाताना पुलावरून नदी दिसते ना, ती जागा नव्हे. आत कच्च्या रस्त्यानं जावं लागते. तिथं नदी वळते. मुख्य धार पलीकडच्या काठानं निघून जाते आणि अलीकडचं पाणी असं पडून राहते, जसं दुपारी जेवून कोणी आडवं झालं. चालते, पण पाहणाऱ्याले कळत नाही. फूलबाईंच्या बोलीत त्याले दहरा म्हणतात, आपण डोह म्हणतो. काठानं अर्जुनाची झाडं आहेत, जांभळाची आहेत, करंजाची आहेत. त्यांच्या मुळ्या पाण्यात उतरल्या आहेत. आणि एक सरकारी बोर्ड आहे, संरक्षित क्षेत्र म्हणून. बोर्ड आहे. चौकीदार नाई.

पहिल्याच आठवड्यात भाऊच्या गळाले कासव लागलं. चांगलं परातीएवढं, मऊ पाठीचं. गळ जबड्यात आरपार. भाऊ खूश. ओढून-ओढून काठावर आणलं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. या फूलबाई. केवटांच्या घरच्या, जन्म त्याच काठावर गेला. त्यांनी भाऊले जे झापलं, भाऊ म्हणे, तसं कोक ओव्हनच्या फोरमननं पण कधी झापलं नाई. फूलबाई म्हणाल्या, मासे आम्ही पण धरतो. पोटापुरते धरतो. पण हा पाणी साफ ठेवणारा आहे, मेलेलं-सडलेलं सगळं हा खातो. ह्याले मारशील तर उद्या हे पाणी तू पिशील का?

भाऊ स्कूटरच्या डिक्कीतला पाना-पक्कड घेऊन आले. फूलबाईंनी कासव धरलं, भाऊनं गळाचं टोक कापून काढलं. कासवानं त्यांचं बोट फोडलं. घरी आले तेव्हा बोटाले फडकं होतं. वहिनी म्हणाल्या, "मासा कुठाय?" भाऊ म्हणे, "आजपासून मासे बंद." आणि खरंच बंद. तो माणूस नंतर रोज गेला, पण गळ घेऊन कधी नाई गेला.

फूलबाईंपाशी ते शिकले. साठ वर्षांचा माणूस जमिनीवर मांडी घालून शिकला. मराठी मंडळातल्या आपल्या एकाही माणसाले हे माहीत नव्हतं, कारण आपण कधी विचारलं नाई. आपण म्हणायचो, देवाजी नदीवर टाइमपास करते.

मी दोनदा गेलो त्यांच्यासोबत. दोनदाच. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते कंबरभर पाण्यात उभे राहून जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, उपटून राहिले होते. मी म्हटलं, "भाऊ, हे कशाले? सगळंच काढून टाका ना, मोकळं पाणी किती छान दिसेल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी प्लांटमध्ये हेल्मेट न घालता आलो.

"सगळंच म्हणजे काय?" ते म्हणाले. "ही जलकुंभी. ही बाहेरून आली, पाण्याचा गळा धरते, म्हणून हिले काढून राहिलो. ही पलीकडची कुमुदिनी. हिच्या देठापाशी बारके मासे लपतात. तो शिंगाडा. तो काठाचा वाळा, तो माती धरून आहे म्हणून काठ आहे. ते पाणकणीस. त्यात पाणकोंबडीचं घर आहे. आता सांग, सगळंच म्हणजे काय?"

 मले सगळं हिरवं एकच दिसून राहिलं होतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊस पडून उघडला होता. भाऊनं मले झाडामागं बसवलं आणि म्हणाले, बोलू नको. पानांवरून एक पक्षी चालत आला. लांब बोटं, पाण्यावर जसा रस्ता असावा तसा चालत होता. कमळपक्षी. त्याच्या पंखाखाली चार-सहा काड्या लटकून राहिल्या होत्या. मले वाटलं गवत अडकलं. भाऊ कानाजवळ येऊन म्हणाले, "काड्या नाई गा. पिल्लांचे पाय आहेत. खतरा दिसला का बाप पिल्लाईले बगलेत घेऊन निघते. अंडीपण बापच उबवते. माय अंडी देते आणि जाते. हा बिचारा पानावर बसून राहते." मग म्हणाले, "मी माह्या पोराईले कधी बगलेत घेतलं, मनोहर? नाइट शिफ्ट, बी शिफ्ट. ते मोठे होऊन पुण्याले गेले, मले कळलं पण नाई."

त्यांचे दोघं मुलं इथं समोर बसले आहेत. बाबूंनो, हे तुमाले त्यांनी कधी सांगितलं नसेल. मले सांगितलं होतं. म्हणून आज तुमच्यापर्यंत पोचवलं.

आता पुढचं ऐका. हे ऐकायले तुमाले आवडणार नाही.

या सभागृहात, याच टेबलावर, उन्हाळ्यात आपली मीटिंग झाली. विषय होता गणेश विसर्जन. मागच्या वर्षी पुलाजवळच्या घाटावर गर्दीत मंडळातल्या एका बाईचा पाय घसरला होता. ही गोष्ट खरी आहे. कारण खोटं नव्हतं. पण पुलाजवळच्या घाटाले एक रेलिंग मागून काम भागलं असतं. आपल्याले ते नको होतं. आपल्याले वेगळा घाट पाहिजे होता. मराठी मंडळाचा घाट. बसायले बाकं, पेव्हर, फोटो काढायले जागा. कोणीतरी म्हणालं, त्या वळणावर पाणी शांत आहे, तिथं मागू. आणखी कोणीतरी म्हणालं, तिथं घाण खूप आहे, आधी ती काढून मागू. सगळे 'हो' म्हणाले.

देवाजीभाऊ त्या दिवशी कुठं होते? पुतणीच्या लग्नाले गावाले गेले होते. आणि मीटिंगची तारीख कोणी ठरवली होती? मी ठरवली होती. त्याईले विचारलं तर ते अडवतील, हे मले माहीत होतं. म्हणून त्या दिवशीच ठेवली.

पत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून मंडळाची सगळी पत्रं मीच लिहितो. 'नदीपात्रातील घाण व अनावश्यक वनस्पती काढून विसर्जन घाट बांधून मिळण्याबाबत.' हा विषय. 'अनावश्यक वनस्पती' हा शब्द माझा आहे. कोणी सुचवला नव्हता. मले तो भारी वाटला होता. आणि खाली सह्या. माझी पहिली. मग अध्यक्षांची. मग तुमची.

काय म्हणता, बोरकरजी? मोठ्यानं म्हणा, मले ऐकू आलं नाई.

शोकसभेत हे बोलू नये?

मग कुठं बोलू? पानठेल्यावर बोलू? तुमाले इथं काय ऐकायचं आहे, ते सांगा. मनमिळाऊ होते, हे ऐकायचं आहे? ते मनमिळाऊ नव्हते. भांडखोर होते. मंडळाच्या जेवणात थर्माकोलच्या प्लेटा आल्या का ते उठून घरी जात आणि आपण मागं हसत होतो. शोक म्हणजे काय, गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलून आपण मोकळं होणं? माणूस कसा गेला, हे बोलायचंच नाई? बसा, बोरकरजी. तुमची पण सही आहे.

श्रावण लागला होता. सकाळची वेळ. माझा फोन वाजला. देवाजीभाऊ.

"मनोहर, लगेच ये. मशीन पाण्यात उतरली."

"कोणती मशीन?" मी विचारलं. मले माहीत होतं कोणती मशीन.

"पोकलेन. फूलबाईनं फोन केला म्हणून धावत आलो. इथला सुपरवायझर म्हणते, तुमच्याच मंडळाचं पत्र आहे. कोणं लिहिलं रे पत्र?"

मी फोन दुसऱ्या कानाले लावला.

"बरं, ते मंग पाहू. तू ये. तू सचिव आहेस, तू म्हटलं तर हे थांबतील. पानावर अंडी आहेत गा. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतील. मी घाट थांबवा नाई म्हणून राहिलो. आठ-दहा दिवस मागून राहिलो."

मी म्हटलं, "भाऊ, घरी पाहुणे आहेत. संध्याकाळी येतो."

घरी कोणी नव्हतं. मी सोफ्यावर बसून टीव्ही पाहून राहिलो होतो. फोन ठेवला आणि आवाज वाढवला.

त्यानंतर काय झालं, हे मी पाहिलं नाई. फूलबाईंनी पाहिलं. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो. चुकलं तर फूलबाई, टोका मले.

भाऊ चप्पल काढून पाण्यात उतरले आणि मशीनसमोर उभे राहिले. चालवणारा पोरगा चांगला होता. त्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, बाबाजी, मैं नहीं चलाऊंगा, पहले आप बाहर आओ. पण सुपरवायझरनं दुसरी मशीन पलीकडून लावायले सांगितली. ती चालू झाली. भाऊ चिखलातून तिकडं निघाले. फूलबाई ओरडल्या, कारण त्या बाजूच्या तळाशी काय आहे हे त्याईले माहीत होतं. दरवर्षी पुलाजवळ बुडवलेल्या, पुरात वाहून इथं अडकलेल्या मूर्ती. माती विरघळते, आतली तार राहते, लाकडाच्या फळ्या राहतात, खिळ्यांसकट. कोणाच्या मूर्ती, मले माहीत नाही. आपल्या असू शकतात.

तार पायात घुसली. तळव्यातून वर. शुगरवाल्या माणसाच्या पायात.

फूलबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर फाडून पाय बांधला. म्हणाल्या, भैया, दवाखाना चल. भाऊ नाई गेले. तो पाय घेऊन दिवसभर तिथं दुसऱ्या मशीनसमोर बसून राहिले. संध्याकाळी सुपरवायझर कंटाळून निघून गेला. त्या दिवशी काम थांबलं. भाऊ जिंकल्यासारखे घरी आले. वहिनीले काई सांगितलं नाई, मोजा घालून झोपले.

आणि मी? मी संध्याकाळी येतो म्हटलं होतं. संध्याकाळी नाई गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात ते दिसले, तर मी मागच्या दारानं बाहेर पडलो. लागून घर असूनही तीन दिवस मी त्यांच्या समोर आलो नाई.

चौथ्या दिवशी ताप भरला. वहिनीनं जबरदस्तीनं मोजा काढला. पाय काळा-निळा. दवाखान्यात डॉक्टरांनी खूप केलं, त्यांचा काही दोष नाई. म्हणाले, उशीर झाला, जहर वर चढलं आहे, पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. भाऊ म्हणाले, काढा, पण मले आधी सांगा, मशीन परत आली का?

मशीन परत आली होती. दुसऱ्याच दिवशी आली होती. पाचव्या दिवसापर्यंत अर्धं वळण साफ झालं होतं. पायामुळं भाऊ नदीवर गेले नव्हते, आणि फूलबाईंचा फोन वहिनीनं उचलला होता. वहिनीनं भाऊले खोटं सांगितलं. वहिनी, तुमी बरोबर केलं. तुमचं खोटं आणि माझं खोटं एक नाई.

मी दवाखान्यात गेलो. पाय काढायच्या आदल्या दिवशी. स्टुलावर बसलो. म्हटलं, "भाऊ, कसं वाटून राहिलं?"

ते म्हणाले, "कावून लिहिलं तू?"

मी म्हटलं, "मंडळाचा ठराव होता, भाऊ."

"ठरावाचं मी विचारलं नाई. तुले दोनदा नेलं होतं मी. बाप पिल्लं घेऊन चालला होता, तुले दाखवलं होतं. बोरकरले नाई माहीत, अध्यक्षाले नाई माहीत. तुले माहीत होतं. तू कावून लिहिलं?"

मी सांगितलं असतं का माझं अक्षर चांगलं आहे म्हणून? मी सांगितलं असतं का सचिव म्हणून माझं नाव घाटाच्या पाटीवर लागलं असतं म्हणून? हो, मंडळींनो, तेही मनात होतं. आज सांगून टाकतो. 

भाऊनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी अर्धा तास बसलो. ते परत वळले नाई. दुसऱ्या दिवशी पाय काढला, पण जहर थांबलं नाई; शुद्ध गेली आणि ते परत बोललेच नाई.

लोक म्हणतात, जाताना माणूस सगळ्याईले माफ करून जाते. देवाजीभाऊनं मले माफ केलं नाई. मले हे इथं स्पष्ट सांगायचं आहे, कारण उद्या कोणी म्हणू नये का शेवटी दोघं मित्र भेटले आणि सगळं गोड झालं.

भाऊची तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, मले ती जागा दाखवा. ह्यांच्या बोलण्यात इतके वर्षं ऐकलं, कधी गेली नाई. मी त्याईले घेऊन गेलो. फूलबाई काठावर उभ्या होत्या.

अर्ध्या वळणावर पाणी एकदम उघडं. चहासारखं गढूळ. वाळा काढला म्हणून काठ ढासळून राहिला होता, एक अर्जुन तिरपा झाला होता. काढलेली कुमुदिनी काठावर ढिगानं सडून राहिली होती. आणि गंमत सांगतो, जलकुंभी पुन्हा आली होती. त्याच उघड्या पाण्यावर, सगळ्यात आधी. जी काढायची होती, तीच परत आली.

फूलबाईंनी वहिनीले सांगितलं का कमळपक्षी दोन दिवस त्याच जागेवर घिरट्या घालत होता. पान नव्हतं, मग उतरणार कुठं? पाणमांजरांची जोडी त्या दिवसापासून दिसली नाई. आणि मरळ माशाचं सांगितलं. मरळीची पिल्लं लाल असतात, पुंजक्यानं वर येतात. मायबाप खाली पहारा देतात. मशीनचा बकेट चिखल घेऊन वर आला तेव्हा त्यात पिल्लं होती, आणि मायपण होती. पळून जाऊ शकली असती. पिल्लाईले सोडून नाई गेली. काठावर ढिगात तडफडत होती, फूलबाईंनी हातानं उचलून परत पाण्यात टाकली.

सुपरवायझर त्याईले म्हणाला होता, कचरा है, हटो. फूलबाईंनी त्याले उत्तर दिलं होतं, "ए कचरा नोहय. ए घर आय." हे घर आहे. वहिनी तिथं काठावर खाली बसल्या. मले म्हणाल्या, "मनोहरभाऊजी, आता राहिलेल्या अर्ध्याचं काय?"

म्हणून मी ऑफिसात गेलो. कोणत्या ऑफिसात, हे नाव घेत नाही. साहेब चांगले होते. चहा पाजला. मी म्हटलं, पत्र परत घ्यायचं आहे. त्यांनी फाइल काढली, माझं पत्र पाहिलं आणि म्हणाले, "हैंडराइटिंग बहुत सुंदर है आपकी." मी म्हटलं, साहेब, ती जागा संरक्षित आहे, बोर्ड लागला आहे, तिथं मशीन गेलीच कशी? ते हसून म्हणाले, "संरक्षण नदी का है भाई साहब, घास-पात का थोड़े ही है. हम तो नदी साफ कर रहे हैं, आप ही लोगों की मांग पर."

आप ही लोगों की मांग पर.

मग म्हणाले, एका माणसाच्या म्हणण्यानं होत नाही. मागणी संस्थेची आहे, तर मागं घ्यायले पण संस्थेचा ठराव लागेल, सगळ्यांच्या सह्यांनिशी. पावसानं थांबलेलं उरलेलं काम सोमवारपासून आहे. त्याआधी आणाल तर थांबवू. त्यांनी हे तोंडी नाई, माझ्या अर्जावर लिहून दिलं आहे. अर्ज माझ्याजवळ आहे. आज शनिवार आहे.

आणि आज मी इथं येतो तर काय पाहतो? फोटोले जो सगळ्यात मोठा हार आहे, तो घाटाच्या ठेकेदाराकडून आला आहे. चिठ्ठी लागली आहे त्याले. पंधरा मिनिटांपूर्वी अध्यक्षसाहेब इथंच उभे राहून काय म्हणाले, तुमी ऐकलं. देवाजीभाऊ थोर पर्यावरणप्रेमी होते, म्हणून होणाऱ्या घाटाले 'देवाजी कापगते घाट' असं नाव देऊ. तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजत नाही, तरी वाजवल्या. इतकं बरं वाटलं तुमाले.

अध्यक्षसाहेब, मी तुमच्या पाया पडतो. नका करू. ज्या सिमेंटसमोर तो माणूस फाटक्या पायानं दिवसभर बसला, त्याच सिमेंटवर त्याचं नाव कोरणार? त्याच्या अंगावरून मशीन एकदा गेली, ती आता दगडाची पाटी घेऊन परत जाणार? आणि आपण दरवर्षी तिथं फोटो काढणार, त्याच्या नावाखाली? वहिनीले विचारलं का कोणी? मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, घाटाले ह्यांचं नाव दिलं, तर त्या पाटीवर मी शेण फेकीन.

हार मी काढून राहिलो. हा पाहा, काढला. माफ करा वहिनी, फोटो थोडा हलला. आता बरोबर आहे.

गणपती कुठं बुडवायचा, असं काही जण कुजबुजून राहिले, मले इथून दिसून राहिलं. मैदानात टाकी खोदू. मी खोदतो, फावडं माझं. मूर्ती साध्या मातीची आणू. हा काही मोठा प्रश्न नाई. मोठा प्रश्न असा आहे का आपण आपल्याच माणसाच्या पाठीमागं सह्या केल्या, आणि आज त्याच हातांनी त्याले फुलं वाहून राहिलो.

टेबलावर कागद आहे. पत्र मागं घेण्याचा ठराव. साध्या भाषेत लिहिला आहे, एकही भारी शब्द नाई. यावेळी लिहिताना वहिनी समोर बसल्या होत्या. ज्यानं-ज्यानं त्या पत्रावर सही केली, त्यानं इथं यावं, माइकवर आपलं नाव सांगावं आणि सही करावी. सगळ्यांसमोर. आधीच्या सह्या चुपचाप झाल्या होत्या, म्हणून ह्या मोठ्यानं होऊ द्या. ज्याले करायची नसेल, त्याची जबरदस्ती नाई. त्यानं आताच घरी जावं. दार उघडं आहे. पण मग इथं थांबून देवाजीभाऊच्या नावानं मौन पाळायले उभं राहू नये. मौन तर आपण उन्हाळ्यापासून पाळूनच राहिलो.

सह्या झाल्या का फूलबाई सांगतील तेव्हा सगळे उभे राहू. दोन मिनिटं घड्याळ पाहून मोजू नका. वहिनी खाली बसतील, तोवर उभं राहायचं.

देवाजीभाऊ, माफी मागायले आता तोंड नाई माझं. नमस्कार तेवढा घ्या.

मी सुरू करतो. मनोहर लांजेवार, सचिव. पत्र मी लिहिलं होतं. ही माझी सही.

आता पुढं कोण येऊन राहिलं?